पाण्याआधीचा डोस

पाण्याची सूचना मी सगळ्यात शेवटी ठेवली. बस, एवढीच माझी चूक. कोणाचा बांध कोरला नाही, कोणाच्या वावरात ढोरं सोडली नाहीत, भावकीत भांडण लावलं नाही. तरी त्या एका उन्हाळ्यात गावानं माझ्यावर जेवढा दात धरला, तेवढा बांध कोरणाऱ्यांवरही कधी धरला नसेल.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. भोकरदनकडून येणारा रस्ता दुपारी पाण्यासारखा चमकतो आणि जवळ गेलं की नुसतं डांबर निघतं. मोसंबीच्या बागांखाली पिवळी पानं पडायला लागलीत. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, त्यांचे ढीग घरांमागे चुलीची वाट बघत पडलेत. कडुनिंबाचा मोहोर अंगणात सांडतो, झाडून काढला तरी तासाभरात पुन्हा तेवढाच. आणि निळे ड्रम ओट्यावर आले. आमच्याकडे उन्हाळा लागला हे कॅलेंडर बघून कोणी सांगत नाही, ओट्यावरचा ड्रम बघून सांगतात. रिकाम्या ड्रमवर सकाळी हात मारला की जो आवाज येतो, तो या ऋतूचा आवाज. कोकिळा बिकिळा ज्यांच्या नळाला पाणी आहे त्यांना ऐकू येतात.

पण माझं डोकं फिरवतो तो मोबाईल. डोळा उघडायच्या आत उशाशी थरथरतो. कोणीतरी दवबिंदू पाठवलेला असतो. दवबिंदू! भोकरदन तालुक्यात, चैत्र-वैशाखात! गुलाबाच्या पाकळीवर दव, खाली जोडलेले दोन हात आणि मधोमध एक वाक्य, की संयम ठेवणाऱ्याच्या ओंजळीत आयुष्य भरभरून टाकतं. त्याच्याखाली बायकोवरचा विनोद. त्याच्याखाली ‘तुम्हाला माहीत आहे का?’, की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. असू देत. आमच्या गावात एक असलेली माणसं शोधावी लागतात. आणि शेवटी ‘आजचा शब्द’, अर्थासकट, वाक्यात उपयोगासकट. हे सगळं पाठवणारा माझा साडू, नव्या जालन्यात बँकेतून निवृत्त झालेला. त्याच्या दारात बोअर आहे आणि बोअरला पाणी आहे. बोअरला पाणी असलेल्या माणसाचं संयमावर बोलायला काय जातं!

मी ते पुसून टाकतो. एकेक नाही, मूठभर. पुसताना दातओठ खातो. बायको चहा ठेवता ठेवता बघते आणि म्हणते, “दुसऱ्यानं डोस पाजला की कडू लागून राह्यला, आं?”

तिला हक्क आहे. कारण साडू जे मोबाईलवर करतो, ते मी एके काळी कर्ण्यावर केलं आहे. मोबाईल निदान बंद करता येतो.

माझा सगळा जन्म माईकवर गेला. बियाण्याच्या कंपनीच्या प्रचारगाडीवर होतो. रोहिण्या तोंडावर आल्या की जीपच्या टपाला दोन कर्णे बांधून आम्ही जालन्याहून निघायचो, आज अंबडकडे, उद्या भोकरदनकडे. गावात शिरलं की मी सुरू व्हायचो, “शेतकरी बांधवांनो, बोंड मोठं, वेचायला सोपं...” घराघरांतून माणसं बाहेर यायची, पोरं धुरळ्यातून जीपमागे पळायची. मला वाटायचं, काय हा आवाज! खरं म्हणजे आम्ही फुकट टोप्या वाटायचो. एका वर्षी कंपनीनं टोप्या बंद केल्या आणि त्या वर्षी जीपमागे फक्त कुत्री पळाली. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. मी त्या वर्षी कर्ण्याचा आवाज वाढवला.

निवृत्त होऊन गावी आलो आणि हातात माईक नाही. हात नुसता लोंबकळायचा. जेवायला बसलो की घसा साफ करून म्हणायचो, “भाजीला मीठ कमी आहे, कृपया नोंद घ्यावी.” बायको नोंद घ्यायची. दुसऱ्या दिवशी मीठ दुप्पट.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा कर्णा माझ्या नशिबात आला. आमच्या गावाला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा नळाला पाणी सुटतं, तेही आळीआळीनं. पाणी सोडणारा रफिक. त्याला सगळे वॉलमन म्हणतात. लाईट आली की तो मोटार चालू करतो, टाकी भरतो आणि त्या त्या आळीचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, खोलतो. मग मोटारसायकलला लाथ मारून ग्रामपंचायतीत येऊन कर्ण्यावर ओरडायचा, “खाल्ली आळी, पाणी आलं, पाणी आलं!” आणि तसाच परत वॉलकडं. कागदावर सरपंच वहिनी, पण कारभार त्यांचे यजमान बघतात. त्यांना रफिकची ही धावपळ बघवेना. मला म्हणाले, “काका, तुमचं घर पंचायतीला लागून. रफिक फोन करत जाईल, तुम्ही तेवढं बोलत जा.”

तेवढं! मला, ज्यानं अर्धा जिल्हा कर्ण्यावर गाजवला त्याला, तेवढं!

मी ठरवलं, गाव सुधारायचं. पाणी येवो न येवो, रोज सकाळी कर्णा लावायचा. आधी एक प्रेरणादायी विचार, मग एक विनोद, मग सामान्य ज्ञानाचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी, मग आजचा शब्द. नाव दिलं ‘सकाळचा डोस’. आमच्याकडे डोस म्हणजे पऱ्हाटीला खताचा देतात तो. पीक कसं तरारून येतं. माणसं का येणार नाहीत? विचार मी स्वतः बनवायचो. “संकट आलं की त्याच्याकडे बघून हसा, संकट लाजून परत जाईल.” हे वाक्य ज्या सकाळी मी कर्ण्यावरून सोडलं, त्या सकाळी वरच्या आळीत टँकरवर बायकांची झिंज्या धरून मारामारी झाली. संकट लाजलं नाही. लाजलो मीही नाही.

सुरुवातीला पाण्याची सूचना असली तर ती आधी द्यायचो. ‘पाणी’ म्हटलं रे म्हटलं की हंडे, बादल्या, डबे, कोणाचं पितळी घंगाळ, असा एकच खणखणाट उठायचा आणि माझा विचार त्या खणखणाटात वाहून जायचा. मी खिडकीतून बघायचो. एक माणूस ऐकत नव्हतं. तेव्हा किराणा दुकानदाराचं डोकं मला सुचलं. तो साखर मागच्या फळीवर ठेवतो, म्हणजे गिऱ्हाईक बाकीचा माल बघत बघत आत येतं. मी पाणी मागच्या फळीवर ठेवलं. विचार, विनोद, ज्ञान, शब्द आणि मग, असलंच तर, पाणी. ऐका मग. जाता कुठं!

आणि गाव ऐकायला लागलं हो. खरंच. दारादारात बायका हातात हंडा घेऊन, मान वर करून कर्ण्याकडे बघत उभ्या. मला वाटलं, ज्ञानाची तहान. मी आणखी लांबवायला लागलो. शब्दही असे निवडायचो की कर्णा शोभला पाहिजे. एका सकाळी ‘अथांग’ दिला. अर्थ, ज्याचा तळ लागत नाही ते. त्या सकाळी गावच्या विहिरीचा तळ असा स्वच्छ दिसत होता की कोणाची तरी हरवलेली चप्पल ओळखू आली.

वैर हळूहळू पिकतं. आधी आलं हॉटेलवर. मी चहा मागितला तर हॉटेलवाला म्हणाला, “बसा ना काका. आधी ह्या टेबलाला फडकं मारतो. मंग तुम्हाला एक चांगला विचार सांगतो. मंग एक चुटकुला. चहा शेवटी भेटल, असला तं.” बाकावरची सगळी हसली. चहा आला तेव्हा गार होता आणि अर्धा होता. मग कोणीतरी गलोलीनं कर्ण्याला पोचे पाडले. माझा आवाज त्यातून सर्दी झाल्यासारखा यायला लागला आणि कोणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. पोरं माझी नक्कल करत शाळेत जायची. न्हाव्याच्या दुकानात मी गेलो की बोलणं बंद. अर्धी दाढी झाल्यावर त्यानं वस्तरा माझ्या गळ्याशी धरून शांतपणे विचारलं, “काका, सकाळच्या प्रश्नाचं उत्तर उद्या देणार म्हणले. कामून उद्या? आज काय होतं?” त्या दिवसापासून मी उत्तर त्याच दिवशी द्यायला लागलो.

घरी तर निराळाच उन्हाळा. रोजचा विनोद बायकोवर असायचा. नाव घ्यायचो नाही, पण गावाला काय, एक कर्णा, एक माणूस आणि त्याची एकच बायको. एका दुपारी तिनं ताटात भाकर ठेवली आणि बाजूला काही नाही. कालवण विचारलं तर म्हणाली, “विनोद लावून खा.”

हे सगळं मला कळत होतं आणि मला राग येत होता. स्वतःचा नाही, त्यांचा. कसली माणसं! ह्यांना चांगलं सांगितलेलं सोसत नाही. मी मनात त्यांना जे शब्द वापरायचो ते ‘आजचा शब्द’मध्ये बसणारे नव्हते. आता एवढ्या दिवसांनी वाटतं, रोज सकाळी सुधारून घ्यायला कोणाला आवडेल? ज्याला अजून तोंड धुवायला पाणी नाही, त्याला तर मुळीच नाही. पण तेव्हा मला वाटायचं की मी बरसतोय.

गावानं मग आपला मार्ग काढला. कर्णा खरखरला की दारं लागायची. आतून मोबाईलची गाणी मोठ्यानं लागायची. माझ्यावर विसंबणंच सोडून दिलं सगळ्यांनी आणि नजर ठेवली रफिकवर. त्याची मोटारसायकल कोणत्या आळीच्या वॉलकडे वळली, हे जो बघेल तो ओरडायचा आणि हंडे निघायचे. मी बोलतोय ते फक्त चिमण्यांना आणि स्वतःला.

खालच्या आळीत कडूबाई राहते. माझ्या नात्यातली नाही, पण तिचा नवरा मला दादा म्हणतो म्हणून ती मला भावजी म्हणते. मेंढरांचं घर. नवरा उन्हाळ्यात कळप घेऊन अंबडच्या खाली गोदाकाठी जातो, तिकडे लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवतो. मागं घर, शेत, म्हातारी, सगळं कडूबाईच्या अंगावर. त्या वर्षी तिच्या पोरीचं, पूजाचं, लग्न निघालं. नवरा हळदीच्या संध्याकाळपर्यंत पोचणार होता. तोवर सगळी धावाधाव हिची. अंगणात मांडव पडला, पाव्हणे आले आणि हौद कोरडा.

हळदीच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली. आत आली नाही. डोक्यावरचा पदर घट्ट करून उंबऱ्याबाहेरच उभी.

“भावजी, एक काम हाय.”

“बोला ना वहिनी.”

“उद्या आमच्या आळीची पाळी हाय. रफिकनं सांगितलं. लाईट कव्हा येईल त्याचा नेम न्हाई, म्हणून कव्हा सोडीन ते सांगता येत न्हाई म्हणला. पोरीची हळद हाय. घर पाव्हण्यानं भरलं. तुमचं ते जे काय असतंय ते मंग सांगा. पाण्याचं आधी सांगा.”

“सांगतो की.”

“बराबर आधी.”

“वहिनी, शब्द दिला.”

“शब्द नको भावजी. पाणी पाह्यजे.” आणि ती गेली.

मी खरंच ठरवलं होतं. रात्री बायकोलाही सांगितलं, उद्या पाणी आधी. पण सकाळी कर्ण्यापुढे बसलो, समोर कागद, कागदावर त्या दिवसाचा शब्द: तितिक्षा. म्हणजे सुखदुःख, ऊन-थंडी शांतपणे सोसण्याची शक्ती. असा शब्द वर्षातून एकदा हाती लागतो. तेवढ्यात रफिकचा फोन. “भाऊ, लाईट आली, खाल्ल्या आळीचा वॉल खोलला. जल्दी बोला. लाईटचा भरोसा न्हाई.”

आणि माझ्या डोक्यात आलं ते असं. आज खालची आळी जिवाचा कान करून बसलीय. लग्नघर आहे, पाव्हणे आहेत, परगावची माणसं आहेत. एवढे श्रोते मला महिन्यात मिळाले नव्हते. पाणी आधी म्हटलं की ते सगळे उठून जाणार. पाच मिनिटांनी असं काय बिघडतं? नळ थोडाच पळून जातो!

मी माईक चालू केला आणि म्हणालो, “सुप्रभात. आजचा प्रेरणादायी विचार.”

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं, आणि एकदा नाही, निरनिराळ्या तोंडांनी कळलं. कडूबाईनं कर्णा खरखरल्याबरोबर हात वर करून सगळ्यांना गप्प केलं होतं. मांडवातलं दळण थांबलं, गाणं थांबलं. आणि कर्ण्यातून ‘सुप्रभात’ आलं. तिनं हात खाली घेतला. “भावजी आधी सांगतो म्हणले होते,” ती म्हणाली. “आधी पाणी न्हाई म्हणले, म्हंजे पाणी न्हाई आलं. लावा गाणं.” म्हणजे जे माझ्यावर विश्वास ठेवत नव्हते ते सुटले असते, जिनं माझा शब्द धरला तीच बुडाली.

आमच्याकडे नळ खड्ड्यात असतात. दाब नाही, म्हणून जमीन खणून नळ खाली नेलेला. पाणी आलं की माणूस खड्ड्यात उतरतो आणि डब्यानं उपसून वर देतो. उपसलं नाही तर खड्डा भरतो आणि पाणी नालीला लागतं. लग्नघराचा खड्डा पोरंसोरं पडू नयेत म्हणून फळी टाकून झाकलेला होता. आळीतल्या सगळ्या बाया हळदीला मांडवात. रफिकची मोटारसायकल पंक्चर होती, तो पायी वॉलवर गेला होता, म्हणून तोही कोणाला दिसला नाही. आणि मी, खिडकीतून खालच्या आळीकडे बघत, तितिक्षेचा वाक्यात उपयोग करून दाखवत होतो. एक नाही, दोन वाक्यं. मग विनोदाची पुरवणी. अगदी शेवटी म्हणालो, “आणि हो, खालच्या आळीला पाणी सुटलेलं आहे.” तेव्हा तिकडे गाणं ऐन रंगात होतं.

कडूबाईला कळलं ते शेरडामुळे. दारातलं शेरडू दावं ताणून नालीत तोंड घालून पीत होतं आणि हलायला तयार नव्हतं. ती हाकलायला गेली, बघते तर नाली वाहती. फळी उचलली तर खड्डा काठोकाठ भरून सांडून गेलेला, चिखल, मांडवाचा फाटका कागद वर तरंगतोय, आणि नळाला शेवटची थेंबगळ. तेवढ्यात लाईट गेली. टाकीत जे होतं ते आधीच नालीला गेलं होतं.

मी डोस संपवून अंगणात आलो होतो. स्वतःवर खूश होतो. बघतो तर वाटेनं बाया येताहेत. पुढे कडूबाई, कपाळावर हळदीचं बोट लागलेलं. कोणी ओरडत नव्हतं. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. प्रत्येकीनं आपला रिकामा हंडा आणला आणि माझ्या अंगणात ठेवला. हंडे, घागरी, बादल्या, तेलाचे डबे, दोघींनी मिळून लोळवत आणलेला निळा ड्रम. अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मागून रफिक आला, पायात चिखल.

“भाऊ, मी फोन केल्ता का न्हाई? जल्दी बोला म्हणलो का न्हाई?” त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. मग हात जोडले, साडूच्या मेसेजमधल्यासारखे नाही, दुसऱ्या अर्थानं. “माझ्यावर नका येऊ कोणी. टाकी खाली हाय. उद्या वरल्या आळीचं हाय, ते दिलं तं तिकडचे मला वॉलमध्ये घालतेन.”

कडूबाईनं माझ्याकडे बघितलं. “भरा,” म्हणाली. “तुमच्याकडं शब्दाचा लई साठा हाय ना. भरा त्यानं.”

मी म्हणालो, “वहिनी, टँकर सांगतो, संध्याकाळपर्यंत...”

“पोरगी हळद लावून बसली हाय. संध्याकाळी तिचा बाप येईल, त्याला काय सांगू? तुमची मुलगी भावजींचं भाषण ऐकत बसली म्हणू?”

माझ्या मागे बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “आपलं शेततळं हाय ना.”

शेततळं होतं. मोसंबीसाठी ताडपत्री घालून राखलेलं, कुंपण घातलेलं, उन्हाळाभर झाडांना थोडं थोडं द्यायचं म्हणून जपलेलं, आता तळाला गेलेलं. झाडांवर त्या वर्षी लिंबाएवढी फळं धरली होती. मी काही बोलायच्या आत कडूबाई म्हणाली, “हां, ते तळं. गेल्या साली आमच्या मेंढरांना काठ्या घेऊन हाकललं होतं तुम्ही तिथून. मेंढराला दिलं न्हाई, आता पोरीला न्हाऊ घाला त्याच्यानं.”

बायको मला हळूच म्हणाली, “तितिक्षा का काय म्हणले ना तुम्ही. ती आता झाडं शिकतेन.”

पुतण्याचा ट्रॅक्टर आणि टाकी मिळाली. पण आळी अरुंद, ट्रॅक्टर आत जात नाही, तोंडाशीच उभा करावा लागतो. तिथून लग्नघरापर्यंत पाणी हातानं न्यायचं. मी आजूबाजूला बघितलं. सगळं गाव ओट्यांवर बसून होतं. हाताची घडी. एक माणूस उठला नाही. पुतण्या म्हणाला, “काका, मी ट्रॅक्टर सोडून जाऊ शकत न्हाई, ब्रेक कच्चा हाय.” त्या ब्रेकचं मला आजतागायत खरं वाटत नाही.

मग मी उचललं. जन्मात माईकपेक्षा जड काही उचललं नव्हतं. पहिला हंडा खांद्यावर घेतला तेव्हा अर्धा माझ्या सदऱ्यात गेला. वरून ऊन असं की डोक्यात उकळी फुटावी, पायाखाली फुफाटा, हंड्याची कड खांद्यात रुतलेली. शेततळ्याचं पाणी हिरवट, शेवाळाचा वास मारणारं. आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून माझा डोस मला परत मिळत होता.

“काका, चालता चालता एक चुटकुला व्हऊ द्या!”

“सामान्य ज्ञान विचारा त्यायला. एका हंड्यात किती पाणी बसतंय?”

“हसा ना काका! संकट लाजून पळंल!”

मी हंडा सावरत चालत राहिलो. थोरपणा नव्हता तो, श्वास नव्हता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापाशी माणसं होती, ती ऐकायला तयार होती, आणि मला तोंडातून हूं काढता येत नव्हतं.

मांडवात पाटावर पूजा बसलेली होती. अंगाला लावलेली हळद वाळून गेली होती. कोपरावर, मनगटावर तिला भेगा पडल्या होत्या, जशा आमच्या तलावाच्या गाळाला पडतात. ती हालत नव्हती, कारण हाललं की पापुद्रे गळायचे. मी हंडा हौदात ओतला तेव्हा तिनं नुसती मान वळवून पाण्याचा आवाज ऐकला. माझ्याकडे बघितलं नाही. मी पुढच्या हंड्याला गेलो. त्या चेहऱ्यापुढे उभं राहण्यापेक्षा उन्हात चालणं सोपं होतं.

हौद भरला तेव्हा तळ्याची ताडपत्री उघडी पडली होती. संध्याकाळी तिचा बाप आला, मेंढरांच्या वासाचं घोंगडं खांद्यावर, पायाला गोदाकाठचा गाळ. त्यानं भरलेला हौद बघितला, हात घातला, हिरवं पाणी नाकाशी नेलं आणि काय झालं ते कडूबाईनं त्याला सांगितलं. तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आभार मानेल. म्हणाला, “दादा, उद्या पंगतीत पाणी वाढायला तुम्हीच. लई हात बसला असंल आता.”

त्या वर्षी मोसंबी सगळी गळली. एका सकाळी बागेत गेलो तर झाडाखाली हिरव्या गोट्यांचा सडा. पावलाखाली फुटायच्या तेव्हा कडवट वास यायचा. तो वास मला अजून उन्हाळ्यात कुठेही येतो, मोसंबीचं झाड आसपास नसलं तरी. ग्रामपंचायतीनं कर्णा काढून ठेवला. आता पाण्यासाठी मोबाईलवर गट आहे आणि त्यात फक्त रफिक लिहू शकतो. तो लिहितो, “खाल्ली आळी. आलं.” बस. मी एकदा सरपंच वहिनींच्या यजमानांना म्हटलं, गट जरा कोरडा वाटतो, सकाळी एखादं वाक्य टाकायला मला परवानगी द्या. त्यांनी मला गटातूनच काढलं. आता पाणी आल्याचं मला बायकोच्या मोबाईलवरून कळतं, आणि ती सावकाश सांगते.

आणि तरी खोटं कशाला बोलू? साडूचे दवबिंदू पुसताना कधीकधी माझा अंगठा थांबतो. एखादा शब्द बरा असतो. तो मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघतो, कर्ण्यावर कसा वाटला असता म्हणून. मग स्वतःवरच चिडतो आणि तोही पुसतो. माणसाला एकदा आपला आवाज आवडायला लागला की त्याच्यावर औषध नाही.

लग्नाच्या दिवशी मी खरंच पाणी वाढलं. हातात जग, खांद्यावर गमछा, पंगतीमागून पंगत. पिण्याचे गार जार भोकरदनहून आले होते, तेवढं नशीब. लोक ग्लास पुढं करायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, “हं.” मध्येच मांडवात पाहुण्यांच्या सत्कारासाठी नावं पुकारणाऱ्याचा घसा बसला. सरपंच वहिनींच्या यजमानांनी त्याच्याकडून माईक घेतला, सवयीनं इकडं तिकडं बघितलं, त्यांची नजर माझ्यावर आली, आणि माईक धरलेला त्यांचा हात नुसता एवढासा पुढं आला. तेवढ्यात दोन्ही पंगतींतून, परगावच्या पाव्हण्यांसकट, एका सुरात आलं, “नको!” परगावच्यांना कोणी सांगितलं होतं कोणास ठाऊक. माझा हात मात्र जगासकट आपोआप पुढं गेला होता. पाणी एका म्हाताऱ्याच्या भातात सांडलं. त्यानं मला जे म्हटलं ते मी इथं लिहीत नाही.

दुपार कलली तशी पोरीला वाटे लावायची वेळ झाली. मांडवाच्या तोंडाशी गाडी उभी, टपावर कपाट बांधलेलं, आळीभर रडणं. पूजा एकेकाच्या पाया पडत पुढं सरकत होती. आजी, मावशी, शेजारपाजार, रफिकसुद्धा. रफिकनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवून गमछ्यानं डोळे पुसले. कडूबाई खांबाला धरून उभी होती. मी मागं मागं सरकलो होतो, पण पोर रांग धरून माझ्यापर्यंत आलीच. वाकली. सगळी आळी रडायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मनात दाटून आलं सगळं, आणि मला वाटलं, हिला सासरी जाताना बरोबर न्यायला काहीतरी द्यावं, जन्मभर पुरेल असं. मी हात उचलला, घसा साफ केला आणि सुरू केलं, “बाळ, आयुष्यामध्ये...”

पूजानं मान वर केली. गालावरून ओघळ वाहत होते, पण आवाज खणखणीत. “काका,” ती म्हणाली, “नुस्ता हात ठेवा. बोलू नका.”